माडावर चढलेला मनीप्लांट : ठेवावा की काढावा?

ठाणेकर_चाकरमानी

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण त्यावरून घरात दोन तट पडलेत.

गुहागरजवळ आमचं घर. आम्ही शिमगा, मे महिना आणि गणपती एवढेच दिवस तिथं. आगर काका बघतात. न्हाणीचं सांडपाणी जिथं जातं तिथं केळी, अळू आणि एक जुना माड आहे. १९९८ साली आईनं दादरच्या खोलीतली मनीप्लांटची फांदी सरबताच्या बाटलीत घालून गावी नेली. बाटली एसटीतच फुटली, म्हणून फांदी त्या माडाच्या बुडाशी खोचून दिली आणि विसरून गेली.

आज तो वेल तीन माडांवर आणि पाच-सहा पोफळींवर आहे. खालची पानं ओळखीची, तळहाताएवढी. पण वर बघत गेलं की पानं वाढत जातात. वरच्या पानांना कडेपासून शिरेपर्यंत चिरा गेल्यात, कात्रीनं कापल्यासारख्या. परवा एक पान वाऱ्यानं खाली आलं, त्याला टेप लावली. देठ सोडून नुसतं पातं ७२ सेंटीमीटर!

आता भानगड अशी. नारळ काढायला येणाऱ्या गड्यानं त्या तीन माडांवर चढायला नकार दिलाय. माडाला पायऱ्या पाडलेल्या आहेत, पण वेलाखाली त्या दिसतच नाहीत. मागच्या वेळी त्याचा पाय पायरीऐवजी देठावर पडला आणि सटकला. हाताची मिठी सुटली नाही म्हणून निभावलं. काका म्हणतात हे बांडगूळ आहे, माड शोषून घेतंय, मुळापासून उपटा. आई म्हणते लक्ष्मी आहे, हात लावायचा नाही.

हा खरंच मनीप्लांटच आहे का? तो माडाचा रस ओढतो का? आणि काढायचा झाला तर कसा?

खवचट_खेकडा

आईंचं बरोबर आहे. लक्ष्मी माडाच्या शेंड्यावर जाऊन बसलीय म्हणूनच तुम्ही ठाण्यात हप्ते भरताय. (दिवे घ्या)

तिरफळ

विकत आणलेला की चोरून आणलेला? चोरलेलाच लागतो म्हणतात.

ठाणेकर_चाकरमानी

@तिरफळ, आईला विचारलं. दादरला शेजारणीच्या कुंडीतून, ती देवळात गेली असताना. म्हणजे नियमाप्रमाणेच.

वनस्पतीवेडी

छान धागा. जरा सविस्तर लिहिते.

हो, तो मनीप्लांटच आहे, दुसरं काही नाही. शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. एपिप्रेम्नम हे नाव शॉट या वनस्पतीशास्त्रज्ञानं १८५७ मध्ये दिलं. ग्रीकमध्ये 'एपि' म्हणजे वर आणि 'प्रेम्नॉन' म्हणजे झाडाचा बुंधा. थोडक्यात 'बुंध्यावरचा'. या प्रजातीत पंधराच्या आसपास जाती आहेत आणि कूळ आपल्या अळू-सुरणाचं. बाटलीतला वेल बघून हे नाव कुणाला पटणार नाही, पण तुमचा माड बघितला तर पटेल.

या वेलाचं बालपण आणि मोठेपण वेगवेगळं असतं. आधार मिळेपर्यंत किंवा लोंबत असेपर्यंत पानं लहान आणि अखंड. बुंधा सापडून वर चढायला लागला की प्रत्येक पेरागणिक पान मोठं होत जातं, मग चिरतं. मीटरभर लांबीची पानं आणि २० मीटरपर्यंत चढलेला वेल अशा नोंदी आहेत. आपण घरी टीव्हीवर सोडतो तो वेल जन्मभर बाळच राहतो. पान मोठं हवं असेल तर त्याला वर चढवा, खाली सोडू नका.

रस ओढतो का? नाही. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून पाणी पळवतं. हा फक्त बाहेरून चिकटतो. काकांना सांगा, आरोप चुकीचा आहे.

आगरातलं_भूत

वनस्पतीवेडी ताई, शास्त्र मान्य, पण आरोप चुकीचा असला तरी शिक्षा बरोबर आहे.

मी गेली वीस वर्षं मुरूडच्या बाजूला नारळ-पोफळीचं आगर बघतो. रस ओढत नसेल, पण बुंधा झाकतो, आणि माडाच्या बाबतीत ते जास्त वाईट. सोंड्या भुंग्याची अळी खोडात शिरली की भोकातून तपकिरी चिकट रस गळतो आणि चघळल्यासारखा चोथा बाहेर येतो. आम्हाला कीड कळायची खूण एवढीच. वेल असला की ती दिसत नाही. जेव्हा कळतं तेव्हा शेंडा कलंडलेला असतो आणि माड गेलेला असतो. माझे दोन गेले.

शिवाय उंदीर. त्या पानांआड शिडी तयार मिळते त्यांना. कोवळी शहाळी पोखरून खाली टाकतात. उंदीर आले की मागून कोण येतं ते सांगायला नको.

पोफळीवर तर ठेवूच नका. पोफळ मुळात मनगटाएवढी. पावसात पानं भिजून वजन वाढतं, हवा खेळत नाही आणि कोळे रोग आला की बोर्डो मिश्रण शिंपडायला माणूस वर जाऊ शकत नाही.

अडकित्ता

+१. वजनाचं मात्र नक्की सांगता येत नाही. आम्ही श्रीवर्धनचे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमची रोठ्याची, म्हणजे सुपारीची, अख्खी बाग आडवी झाली. काही पोफळींवर वेल होते, बहुतेकींवर काहीच नव्हतं. वेल असलेल्याही मोडल्या, नसलेल्याही मोडल्या. वडील दोन दिवस बागेत गेलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले तर पडलेल्या पोफळीवरचा मनीप्लांट तोंड वर करून पुन्हा वाढायला लागला होता. त्याला काही फरकच पडला नव्हता. तेव्हापासून वडिलांचा त्याच्यावर राग आहे.

मालवणी_मसालो

अरे बाबांनो, माडार तुमका चढूचा नाय, पाडेल्याक चढूचा आसा. तेका इचारलास काय? तो नाय म्हणता म्हणजे इषय संपलो.

खवचट_खेकडा

@मालवणी_मसालो, शंभर टक्के. हल्ली जावई मिळतो, पाडेली मिळत नाही.

शहरी_शेतकरी

पण मनीप्लांट हवा शुद्ध करतो ना? नासानं सांगितलंय. मग माडावर असला तर फायदाच.

वनस्पतीवेडी

@शहरी_शेतकरी, नासाचा तो प्रयोग १९८९ चा. छोट्या बंद पेटीत रोप ठेवून हवेतली रसायनं मोजली होती. तुमचं घर बंद पेटी नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याची बरोबरी करायची तर एका चौरस मीटरला १० ते १००० रोपं लागतील असा हिशेब निघाला.

तिरफळ

म्हणजे दिवाणखान्यात आपण बसायचं नाही, मनीप्लांटनी बसायचं.

आगरातलं_भूत

आणि गुहागरला हवा शुद्ध करायला मनीप्लांट कशाला लागतो राव?

काळी_मिरी

सल्ला देण्याआधी माझी चूक सांगतो, म्हणजे दुसरा कुणी करणार नाही.

संगमेश्वरच्या आत आमची जागा आहे. पोफळी, जायफळ आणि मिरी. मागच्या अंगाला गावाची राई लागते. चार वर्षांपूर्वी मी मनीप्लांटविरुद्ध मोहीम काढली. माणसं लावली आणि सांगितलं, 'ती मोठ्या फाटक्या पानांची वेल दिसेल तिथं तोडा.' आणि मी रत्नागिरीला निघून गेलो. संध्याकाळी आलो तर माणसांनी इमानेइतबारे राईच्या कडेचे दोन जुने फणस आणि एक सातवीण साफ करून ठेवलेले. खाली दंडाएवढ्या जाडीच्या वेलाचे तुकडे. त्यातल्या एकाला कणीस होतं, मक्याच्या कणसासारखं, पिवळसर आवरणातलं.

गुरवाची आजी आली, तुकडा हातात घेतला आणि म्हणाली, 'गणेशकांदा कापलात होय? हा तुमच्या आज्याच्या आधीपासून इथं होता.' पुढे काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हा कोयती हातात घेण्याआधी ओळखायला शिका.

ठाणेकर_चाकरमानी

@काळी_मिरी, बाप रे. आमच्याकडेही विहिरीपलीकडच्या आंब्यावर एक हिरवीगार वेल आहे. ओळखायचं कसं?

वनस्पतीवेडी

काळी_मिरी, हे लिहिलंत ते बरं केलंत.

गणेशकांदा म्हणजे ऱ्हाफिडोफोरा पर्टुसा. मनीप्लांटचा चुलतभाऊ, पण पक्का इथला, सह्याद्रीच्या दमट जंगलातला. पर्टुसा म्हणजे भोकं असलेला. पानात मधल्या शिरेच्या जवळ भोकं असतात आणि कडेला चिरा. मनीप्लांटच्या मोठ्या पानालाही कधीकधी बारीक भोकं पडतात, म्हणून नुसत्या भोकांवर जाऊ नका. रंग बघा. मनीप्लांटच्या थोरल्या पानावरही पिवळे फराटे सहसा राहतात. गणेशकांदा एकरंगी हिरवा. आणि सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे कणीस. कणीस दिसलं तर तो मनीप्लांट नव्हे.

कारण मनीप्लांट फुलतच नाही. आपल्याकडेच नव्हे, जगात कुठंही. आपोआप फुलल्याची शेवटची माहीत असलेली नोंद १९६४ ची आहे. २०१६ मध्ये त्याचं कारण सापडलं. फुलायला लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक बनवणारं जनुक त्याच्यात नीट काम करत नाही. बाहेरून जिबरेलिन फवारल्यावर संशोधकांनी त्याला फुलवून दाखवलं.

फुलत नाही म्हणून बी नाही. तो मूळचा प्रशांत महासागरातल्या सोसायटी बेटांपैकी मोऑरिआ बेटावरचा. तिथून जगभर गेला तो सगळा माणसाच्या हातून, फांदी फांदी करत. श्रीलंकेत, हवाईत आणि फ्लोरिडात तर जंगलात शिरून डोकेदुखी झालाय.

अडकित्ता

म्हणजे गुहागरचा, श्रीवर्धनचा आणि माझ्या सासूच्या स्वयंपाकघरातला, सगळा एकाच वेलाचा पसारा?

वनस्पतीवेडी

जवळपास तसंच. फांदीनं वाढवलेलं रोप म्हणजे आईचाच तुकडा.

खवचट_खेकडा

म्हणजे दादरची शेजारीण अजून जिवंत आहे, गुहागरच्या माडावर. आणि चिडलेली आहे.

तिरफळ

हसून हसून पुरेवाट

सागवेलकरीण

काळी_मिरींच्या राईत आणखी एक वेल असेल, अंजनवेल. तिचं पान बघितलं की दोन पानं एकापुढे एक जोडल्यासारखी वाटतात, कारण देठच पानासारखा पसरट असतो. पपनसाच्या पानाला असतो ना, तसा. ती खरी पोथोस. मनीप्लांटला नर्सरीवाले पोथोस म्हणतात, कारण १८८० मध्ये तो पहिल्यांदा पोथोस म्हणून नोंदला गेला. पुढे नाव बदललं, पण नर्सरीवाल्यांना कुणी कळवलं नाही.

आमच्या इथं नवखे लोक अंजनवेलीला मिरी समजतात. तीन वर्षं खत घालून मिरी का धरत नाही म्हणून विचारायला येतात.

काळी_मिरी

@सागवेलकरीण, त्या लोकांत मीही होतो. एक वर्ष फक्त.

शहरी_शेतकरी

गणेशकांद्याच्या कुळातलंच काहीतरी लाखो रुपयांना विकलं गेलं होतं ना?

वनस्पतीवेडी

हो, ऱ्हाफिडोफोरा टेट्रास्पर्मा. दक्षिण थायलंड-मलेशियातली जात. तिचं पांढरे पट्टे असलेलं आठ-नऊ पानांचं एक रोप २०२१ मध्ये न्यूझीलंडात ऑनलाइन लिलावात २७,१०० डॉलरला गेलं. तिथले डॉलर. आपले १४ लाखांच्या आसपास.

मालवणी_मसालो

चौदा लाख? एका पानाक दीड लाख पडलो. आणि काळीमिरीन ता गोणीत भरून टाकल्यान.

काळी_मिरी

मीठ आहे का अजून? चोळा.

शेवळंप्रेमी

अवांतर करतो, माफी असावी. या कुळाचा विषय निघाला आणि शेवळांचं नाव नाही, हे बरोबर नाही. पहिल्या पावसाला शेवळं येतात, त्यांच्या भाजीत घालायला काकडाची फळं शोधा, नाहीतर घशाला अशी खाज सुटते की माणूस जेवण सोडून अंगणात फिरतो. आमच्या घरी लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोनं काकडं 'त्या आवळ्यासारख्या दिसतात, नकोत' म्हणून वगळली होती. सासऱ्यांसकट आठ माणसं.

सागवेलकरीण

मग रुखाळूही घ्या. झाडाच्या बेचक्यात, शेवाळात येणारा अळू. श्रावणात त्याच्या वड्या. सासूबाई कोकमाची आगळ सढळ हातानं घालायच्या.

वनस्पतीवेडी

खाजेचं कारण सगळीकडे एकच. या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, जुडग्यांनी. ऱ्हाफिडोफोराच्या तर नावातच सुई आहे. म्हणून मनीप्लांट कापताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. घरात मांजर असेल तर वेल तिच्या तोंडाशी लोंबत ठेवू नका.

ठाणेकर_चाकरमानी

शेवळं वाचून भूक लागली, पण माझा माड तसाच आहे हो. कापायचा कसा ते सांगा. पावसाळ्यापूर्वी उरकावं म्हणतोय.

आगरातलं_भूत

दिवाळीनंतर कापा. पावसाच्या तोंडावर नको. गुडघ्याला एकदा आणि छातीला एकदा, सगळ्या फांद्या आरपार, मधला तुकडा काढून टाकायचा. वरचं ओढायचं नाही. हिरवा वेल ओढला की सालीला धरून बसतो, पोफळीचा शेंडा हलतो. वाळू द्या, झाप गळावा तसा आपसूक गळतो. कापलेलं व्हाळात किंवा गडग्यापलीकडे टाकू नका, एका पेरातून पुन्हा उभा राहतो.

काळी_मिरी

आणि मोकळ्या झालेल्या माडावर मिरी लावा.

आगरातलं_भूत

@काळी_मिरी, पोफळीवर लावा. माडावर मिरी लावलीत तर तो गडी पुन्हा नाही म्हणेल!

सागवेलकरीण

एक गंमत सांगते. हे वेल उजेडाकडे जातात असं आपल्याला वाटतं. १९७५ मध्ये दोन संशोधकांनी कोस्टा रिकात याच कुळातल्या मॉन्स्टेराच्या एका जातीची रोपटी बघितली. ती रुजल्यावर काळोखाकडे सरपटत जातात. कारण जंगलात सगळ्यात काळोखी बाजू म्हणजे मोठ्या झाडाचा बुंधा. तो सापडला की मग उजेडाकडे वर.

मनीप्लांट तसंच करतो की नाही ते मला ठाऊक नाही, पण आमच्या मांगराच्या मागे तो नेमका सगळ्यात जाड आंब्याकडेच गेला होता.

(धागा वर काढतोय) ठाणेकर_चाकरमानी

गणपती करून परवा आलो. निकाल सांगायला हवा.

भुतांचा सल्ला ऐकला नाही. मे अखेरीस रजा होती, तेव्हाच कापला. काका आणि मी. मधला हातभर पट्टा मोकळा केला, पोफळींवर पाच आणि माडांवर दोन. काकांनी अर्ध्या बाह्यांचा सदरा घातला होता. रात्रभर हातांना खोबरेल चोळत बसले आणि दर दहा मिनिटांनी म्हणत होते, 'म्हणे रस ओढत नाही.'

गणपतीत जाऊन बघतो तर पोफळींवरचा बहुतेक वाळलेला, पानं तपकिरी होऊन खडखडतायत. पण एका माडावरचा वरचा भाग हिरवागार! जमिनीशी काही संबंध नाही, तरी पावसाच्या पाण्यावर तीन महिने जगला. वर मोकळ्या पट्ट्याच्या कडेवरून दोन नवी मुळं खाली सोडलेली, दोरीसारखी. एक जमिनीपासून वीतभर वर होतं. आठ दिवस उशीर झाला असता तर टेकलं असतं.

कापलेल्या चार गोण्या कातळावर उन्हात पसरल्या होत्या. पाऊस येईपर्यंत वाळल्या नाहीत. शेवटी काकांनी चुलीच्या माळ्यावर टाकल्या.

तिसरा माड म्हणजे न्हाणीमागचा, आईचा. तो म्हातारा आहे, वर्षाला दहा-बारा नारळ देतो, ते पडतील तेव्हा उचलतो. त्याच्यावरचा ठेवलाय. बुडाशी काका दर महिन्याला कोयती फिरवणार, म्हणजे दुसरीकडे जाणार नाही. गडी मोकळ्या दोन माडांवर चढला. उतरल्यावर म्हणाला, एका माडाला पाचव्या पायरीशी भोक आहे, चोथा येतोय. आगरातलं_भूत, पुढे काय करायचं ते विचारायला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

विहिरीपलीकडच्या आंब्यावर मात्र कणीस आहे. दोन. हात लावला नाही.

आगरातलं_भूत

वाचला माड, वेळेवर दिसलं. व्यनि करा, आजच करा. आणि तो वाळका वेल दिवाळीपर्यंत तसाच राहू द्या.

काळी_मिरी

त्या कणसाचा फोटो टाका. आंब्याचा पण.

तिरफळ

ठाणेकर, त्या ७२ सेंटीमीटरवाल्याची फांदी मिळेल का?

ठाणेकर_चाकरमानी

@तिरफळ, हवी तेवढी. कुरिअर करतो.

तिरफळ

अहो, दिलेली लागत नाही ना! तुम्ही फक्त काका बाजाराला कधी जातात तेवढं सांगा.